एकशे एक्केचाळीस फेरे

२ मार्च

ठमे,

आशीर्वाद घ्यायचा की नाही ते तू ठरव, मी आपला देऊन ठेवतो. चोवीस वर्षांच्या बाईला ठमी म्हणतो म्हणून चिडू नकोस. तसंही आत्या सांगते की तू माझी पत्रं फोडतच नाहीस, तशीच्या तशी गठ्ठा बांधून माळ्यावर टाकतेस. म्हणजे मी तुला काहीही म्हटलं तरी माळ्यालाच कळणार. चार वर्षं मी माळ्याशी बोलतोय, आता सवय झाली.

इकडची हकिगत अशी की आमचं जहाज नांगरावर उभं राहून आज सत्त्याण्णव दिवस झाले. पोटात गहू आहे. वाटेत कुठेतरी कोठाराच्या, डेकवरच्या झाकणातून पाणी शिरलं आणि गहू सडला. बंदरवाले म्हणतात, हा माल आत घेणार नाही. मालक म्हणतो, मी परत नेणार नाही. कोर्ट म्हणतं, निकाल लागेपर्यंत जहाज हलवायचं नाही आणि रिकामंही सोडायचं नाही, चौदा माणसं वर पाहिजेतच. ते चौदा आम्ही. समोर आपलाच किनारा दिसतो. बस थांब्यावर थांबते, माणसं उतरतात, हातात पिशव्या असतात, सगळं दिसतं. आपल्याला मात्र उतरता येत नाही, कारण आपल्या जागी बदली माणूस आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही हा जहाजाचा नियम, आणि सडक्या गव्हाच्या जहाजावर बदली यायला कुणाचं डोकं फिरलंय?

जनरेटर दिवसातून चार तास. पाणी माणशी एक बादली, त्यातच अंघोळ आणि त्यातच कपडे. गव्हातले सोंडे सगळीकडे झालेत, माझ्या पिठात, अंथरुणात, कानात. वासाचं विचारू नकोस. पहिल्या महिन्यात मळमळायचं, आता मळमळत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. कंपनीने नेट बंद केलंय. दर रविवारी कप्तानसाहेबांच्या फोनवर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. माझी पाच मिनिटं तुझ्या आत्याची. तू फोनवर येत नाहीस, पण मागे भांडी घासल्याचा आवाज येतो. तू अजून आदळआपट करतच भांडी घासतेस.

तर आत्याने आज सांगितलं की तीस तारखेला तू मॅरेथॉन धावणार आहेस. तुझी आई शेवटी होती त्या वॉर्डातले जे पेशंट घरी असतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या नर्सबायांना एक गाडी घ्यायची आहे, त्यासाठी. मी विचारलं, मॅरेथॉन म्हणजे किती? ती म्हणाली, बेचाळीस किलोमीटर. मी म्हटलं, अगं ती मेली म्हणजे? आत्या म्हणाली, तुझ्यासारखी नाहीये ती, रोज पहाटे उठून पळते.

मग मीही ठरवलं. तू तिकडे पळ, मी इकडे पळतो. डेकला एक फेरा मारला की तीनशे मीटर होतात, सेकंड ऑफिसरने हिशोब करून दिला: एकशे एक्केचाळीस फेरे. सगळे हसले. सेहेचाळीस वर्षांचा आचारी, पोट असं की ताटात काय आहे ते वाकून बघावं लागतं. फक्त सारंग हसला नाही. सारंग म्हणजे आमच्या खलाशांचा म्होरक्या. तो तसाही माझ्याशी बोलत नाही. चार वर्षांपूर्वीही आम्ही याच जहाजावर एकत्र होतो, तेव्हापासून नाही बोलत. खडूस माणूस आहे, दुसरं काही नाही.

तुझ्या आईच्या वेळीही जहाजाने सोडलं नाही, आताही सोडत नाही. माझ्या कपाळावरच तसं लिहिलंय बघ.

बाबा


१६ मार्च

ठमे,

रसदेची बोट आज आली. बटाटे, कांदे, तांदूळ, पीठ. तुझं पत्र नाही. नसणारच, तरी मी पिशव्यांच्या तळाशी हात घालून बघितलं.

सराव चालू आहे. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत जीभ बाहेर आली. तेलवाला, म्हणजे इंजिनात तेलपाणी बघतो तो, घड्याळ घेऊन बसतो आणि दर फेऱ्याला माझी चेष्टा करतो. “आचारी, मागून गोगलगाय येतेय, वाट द्या.” आता साठपर्यंत पोचलोय. धावतो म्हणजे काय, धावतो, चालतो, देवाचं नाव घेतो, मग परत धावतो.

डेक म्हणजे काही रस्ता नव्हे. मध्ये झाकणांच्या ओळी, पाइप, दोरखंडाची वेटोळी, लोखंडाची कडी. दहा वाजल्यापासून पत्रा असा तापतो की बुटाचा तळ चिकटतो आणि सोडवताना चट्‌ असा आवाज येतो. कडेला कठडा, कठड्यापलीकडे पाणी. एका बाजूने पुढे जायचं, टोकाला वळायचं, दुसऱ्या बाजूने मागे यायचं. चाळिसाव्या फेऱ्यानंतर वाटायला लागतं की आपण कुठे जातच नाही आहोत, आणि खरंच जात नसतो. परवा तिथेच मधे उभा राहिलो आणि कठडा धरून ओरडलो. शब्द काही नव्हते, नुसता ओरडलो. इथे प्रत्येकजण कधी ना कधी ओरडून झालाय.

एक गंमत सांगतो. सकाळी डाव्या बाजूला सावली असते असं मी तीन दिवस नीट बघून ठेवलं, म्हणून पाण्याच्या बादल्या, ओली फडकी, मिठाच्या पाण्याचं पातेलं, सगळं डाव्या बाजूला मांडलं. चौथ्या दिवशी बघतो तर डावीकडे रणरणतं ऊन आणि सावली उजवीकडे. मी तेलवाल्यावर उखडलो, माझ्या बादल्या कुणी हलवल्या म्हणून. तो पोट धरून हसायला लागला. “आचारी, बादल्या तिथेच आहेत. जहाज फिरलंय.” नांगरावरचं जहाज भरती-ओहोटीला नांगराभोवती फिरतं म्हणे. बावीस वर्षं समुद्रावर काढली आणि मला हे माहीत नाही, कारण बावीस वर्षं मी भटारखान्यात काढली. खिडकी आहे, पण ती चुलीच्या वर, आणि धुराने काळी झालेली.

आजूबाजूला आणखी सात-आठ जहाजं नांगरावर आहेत. सेकंड ऑफिसरने वायरलेसवर सगळ्यांना सांगितलंय की आमचा आचारी तीस तारखेला पळणार, गाडीसाठी ज्याला जे द्यायचं ते द्या. लोकांना उद्योग नाही, सगळे ऐकणार आहेत म्हणे.

सारंग मात्र काल भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतो. त्याने फक्त विचारलं, “मुलीसाठी पळतोस?” मी हो म्हटलं. तो बघत राहिला आणि गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला उगीच वाटत राहिलं. उगीचच.

बाबा


३१ मार्च

ठमे,

अंथरुणावर पडून लिहितोय. पायांत गोळे आलेत, एक गेला की दुसरा. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे.

तू पूर्ण केलंस हे आत्याने काल सांगितलं. पाच तास सतरा मिनिटं. मी फोन हातात धरून बसलो आणि पाच मिनिटं नुसता रडलो, कप्तानसाहेबांनी आणखी पाच दिली. तू तिच्यासारखीच आहेस, धरलं की सोडत नाहीस.

माझं ऐक. उजाडताच सुरुवात केली. पहिले चाळीस फेरे बरे गेले. खलाशी झाकणांवर बसून थाळ्या वाजवत होते. साठाव्या फेऱ्याला वारा पडला आणि गव्हाचा वास असा वर आला की घशातून श्वास आत जाईना. नाकाला फडकं बांधलं तर गुदमरायला होतं, सोडलं तर उलटी होते. इकडे आड, तिकडे विहीर. सोंडे घामाला चिकटत होते. सत्तराव्या फेऱ्याला उजव्या बुटाचा तळ सुटला, तो दोरीने बांधला.

अठ्ठ्याहत्तराव्या फेऱ्याला सेकंड ऑफिसर वायरलेसचं हातातलं यंत्र घेऊन माझ्याबरोबर चालायला लागला. सगळी जहाजं ऐकत होती. त्याने विचारलं, “आचारी, का धावताय ते सांगा ना सगळ्यांना.” मी आपलं सांगितलं. बायको आजारी होती, घरून बोलावणं आलं, पण बदली मिळाली नाही, जहाजाने सोडलं नाही, तिला शेवटचं बघता आलं नाही. पलीकडे कुणीतरी खलाशी रडायलाच लागला. मग एकेक जहाज बोलायला लागलं, आमच्याकडून एवढं लिहा, आमच्याकडून तेवढं. सेकंड ऑफिसरला लिहायला हात पुरेना.

सारंग तिथेच पाण्याचा मग घेऊन उभा होता. त्याने मग पुढे केला, मी प्यालो, आणि पुढे पळालो.

एकशे तिसऱ्या फेऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याकडेच कोसळत होतो, सारंगाने मागून बगलेत हात घालून ओढलं. त्यात गंजक्या पट्टीवर त्याचा तळहात फाटला, चांगलाच. त्याने चिंधी गुंडाळली आणि माझ्या तोंडावर पाणी मारलं. मग कानाशी वाकून म्हणाला, “काय आचारी, बदली पाठवू का?” तो असं का म्हणाला कुणास ठाऊक. चेष्टा करत असेल.

उरलेले अडतीस फेरे बाकीच्यांनी वाटून घेतले. कप्तानसाहेबांनीही दोन मारले. शेवटच्या फेऱ्याला सगळ्या जहाजांनी भोंगे वाजवले. मी पाणी मारलेल्या फडक्याखाली पडून ऐकत होतो. आनंद व्हायला हवा होता.

बाबा


६ एप्रिल

ठमे,

आज आत्याने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली आहे. मी वायरलेसवर बोललो ते कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवलं. तू रात्रभर रडलीस म्हणे. म्हणालीस, “म्हणजे बाबांना खरंच सोडलं नव्हतं. मी चार वर्षं उगीच राग धरला.” आत्या म्हणाली, मग आता पत्रं काढू का माळ्यावरून? तू म्हणालीस, “पत्रं नको. पत्रात माणूस हवं ते लिहितो. समोर येऊन सांगू देत, मी ऐकेन.”

ठमे, मला घर मिळालं. चार वर्षं जे मागत होतो ते एका वाक्यात मिळालं.

आणि उतरायची वाटही मिळाली. मी कोसळलो ते कप्तानसाहेबांनी किनाऱ्यावरच्या डॉक्टरला फोनवर कळवलं. डॉक्टर म्हणाला, छातीचं दुखणं असेल तर बदलीशिवाय पाठवता येईल, कोर्टाची आजाऱ्यापुरती सूट आहे, एका माणसाला. तीन दिवसांपूर्वी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद पुढे, पेन हातात. “आचारी, छातीत दुखतंय ना?” भला माणूस आहे. उत्तर त्यानेच तयार करून दिलं होतं, मला फक्त मान हलवायची होती.

माझ्या छातीत काहीही झालेलं नाही. गोळे पायांत होते.

मी मान हलवली. बारा तारखेच्या बोटीत माझी जागा आहे. बॅग भरून ठेवली आहे. तीन दिवस जेवण करपतंय, काल भातात मीठ दोनदा पडलं, आणि रोज संध्याकाळी डेकवर जाऊन मी त्या बसथांब्याकडे बघतो. आठवड्याभरात मी त्या रांगेत असेन. मग चुलीवर लक्ष का लागत नाही ते मला कळत नाही. खोटं कशाला बोलू, कळतंय.

बाबा


१२ एप्रिल

सारंग, हे मोठ्याने वाच. तिने दारातच उभं केलं तरी दारात वाच. सगळं वाच, मध्ये काही गाळू नकोस.

ठमे,

तू समोर येऊन सांगा म्हणालीस. मी आलेलो नाही. तुझ्या दारात जो माणूस उभा आहे, ज्याचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलाय, तो आमचा सारंग. आधी त्याला बसायला दे, काहीतरी खायला दे. हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आधी तुझ्याकडे जाऊन येतो असा हट्ट त्याने धरला, मी नको म्हणत होतो.

परवा मी त्याला ताट वाढलं तर त्याने डाव्या हाताने घेतलं. मी हात धरून चिंधी सोडली. तळहात काळा पडला होता, लाल रेघ दंडाकडे चालली होती. अकरा दिवस कुणाला दाखवला नव्हता. मी म्हटलं, अरे गाढवा, साहेबांना सांगायचं नाहीस का? तो म्हणाला, “एकालाच सूट आहे. ती तुला दिली आहे. तुला पोरीकडे जायचंय, जा.” ज्याने माझ्याशी चार वर्षं धड शब्द काढला नाही, तो माझ्यासाठी हात सडवत बसला होता.

मी साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या छातीत काही नाही, मी खोटं बोललो. सारंगाचा हात बघा. साहेबांनी मला शिव्या घातल्या. आयुष्यात एवढ्या घातल्या नसतील कुणी, आणि एकही चुकीची नव्हती.

आता खरं. सारंग, इथे थांब आणि ती ऐकते आहे का बघ.

ठमे, चार वर्षांपूर्वी माझी बदली आली होती.

तुझ्या आईने फोनवर सांगितलं होतं, लवकर या, आता फार दिवस नाहीत. मी कंपनीला कळवलं आणि कंपनीने आठ दिवसांत दुसरा आचारी पाठवला. किडकिडीत माणूस, हातात एक बॅग आणि एक पिशवी. बोटीतून शिडीने वर आला. त्याची बॅग दोरीने वर घेतली ती सारंगाने. माझी बॅग शिडीशी तयार होती, तिकीट खिशात होतं. मी त्या माणसाला भटारखाना दाखवला, चुली दाखवल्या, जेवायला वाढलं. तो जेवत असताना मी तेव्हाच्या कप्तानाकडे गेलो आणि म्हटलं, मला उतरायचं नाही, माझा करार वाढवा. तो म्हणाला, घरी आजारपण आहे ना? मी म्हटलं, बरं आहे आता. असं म्हटलं मी. तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मी म्हटलं, बरं आहे आता. बदली आचारी त्याच बोटीने परत गेला. त्याची बॅग सारंगानेच दोरीने खाली सोडली. सोडताना तो माझ्याकडे बघत होता.

मग मी घरी फोन केला आणि सांगितलं, बदली मिळत नाही, जहाज सोडत नाही. फोन तूच घेतला होतास. तू म्हणालीस, बाबा, त्यांच्या पाया पडा, काहीही करा. मी म्हटलं, बघतो.

का केलं ते विचारशील. मला भीती वाटली. मी माणसांना जेवू घालतो, मला एवढं एकच येतं, आणि तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. मी त्या खोलीत जाऊन काय करणार होतो? तिचा हात धरून बसायचं होतं, एवढंच करायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, ती माझ्यासमोर गेली तर मी सहन करू शकणार नाही. म्हणून ते सहन करायला तुला एकटीला ठेवलं. वीस वर्षांची होतीस तू.

तू मला का टाकलंस हे सगळे मला विचारायचे. मी म्हणायचो, पोर हट्टी आहे. तू हट्टी नव्हतीस. तुला कशाचा तरी वास आला होता आणि तो बरोबर होता.

काल संध्याकाळी मी वायरलेसवर सगळ्या जहाजांना हेच सांगितलं. एका जहाजाने गाडीसाठी दिलेलं परत मागितलं, ते त्यांना द्यायला सांग. बाकीच्यांनी एकेक करून यंत्रं बंद केली. तुझ्या गाडीला माझ्यामुळे बट्टा लागला, त्याबद्दल माफी माग असं मी स्वतःला सांगतोय, पण कुठल्या तोंडाने मागू?

मी इथेच आहे. निकाल कधी लागेल कुणाला माहीत नाही, तीन महिने म्हणतात, वर्षही म्हणतात. या खेपेला मला खरंच कुणी सोडत नाहीये, आणि हे तू खरं मानावंस असं सांगायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. रविवारी पाच वाजता माझी पाच मिनिटं असतात. मी आत्याकडे फोन लावेन. तू यावंस असं मी म्हणणार नाही.

हे सगळं मी रचून लिहिलं असेल असं तुला वाटेल, कारण माणूस पत्रात हवं ते लिहितो. सारंग तेव्हा शिडीशी होता. त्याने दोन्ही वेळा बॅग पाहिली.

सारंग, माझं लिहून झालं. इथून पुढे तू सांग. त्या दिवशी मी कसा दिसत होतो, काय बोललो, जेवताना त्या माणसाशी हसलो की नाही, जे जे आठवतं ते सांग. माझी बाजू घेऊ नकोस. ती मध्येच उठून आत गेली तर हाक मारू नकोस, बसून राहा. बाहेर आली तर उरलेलं सांग.